नाव घ्यायची जागा

६ मे

ताई,

आधी एवढं वाच, मग बाकीचं. मी ठीक आहे, घरातले ठीक आहेत, प्रार्थनाघराच्या काचाही शाबूत आहेत. राजधानीत आमच्याबद्दल काहीबाही उडत उडत पोचलं असेल, म्हणून घाईने लिहितोय.

तू प्रार्थनाघरात पाऊल टाकून जमाना झाला, तेव्हा आठवण करून द्यायला हवी. मोठ्या प्रार्थनेआधी उपदेशकाने मागच्या खोलीत मौन धरून बसायचं, बाबा बसायचे तसं. कोणी त्याच्याशी बोलायचं नाही, चिठ्ठी सरकवायची नाही. प्रार्थना सुरू होईपर्यंत जग बुडालं तरी त्याला कळता कामा नये. लहानपणी तू दाराला तोंड लावून मांजराचा आवाज काढायचीस आणि बाबा आतून खोकायचे, तीच खोली. या खेपेला मी आत होतो आणि जग खरंच बुडालं. सैन्याने थोरल्यांना त्यांच्या बंगल्यातून उचललं, सेनापती त्यांच्या गादीवर बसले, आणि सगळ्या प्रार्थनाघरांना हुकूम सुटला की आजपासून प्रार्थनेत थोरल्यांच्या जागी सेनापतींचं नाव घ्यायचं. तो हुकूम आमच्या पुढच्या दारावर चिकटवला होता. मी मागच्या दाराने आलो.

बायको जेवणाचं ताट ठेवायला आली तेव्हा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उंबऱ्याशी घुटमळली होती. मला वाटलं, भाजी करपली असेल. ती बोलली नाही, मी विचारलं नाही. नियम म्हणजे नियम.

मग मी उभा राहिलो. राजाची ओळ आली. परका राजा जाऊन इतकी वर्षं झाली तरी आपण तिला राजाचीच ओळ म्हणतो. गेली कित्येक वर्षं घेतो तसं मी थोरल्यांचं नाव घेतलं, चालीत, खणखणीत. सगळे एकदम गप्प. मला वाटलं, सूर चुकला. मग मागच्या बाकावरून आपला सायकल दुरुस्तीवाला ओरडला, "तसंच घडो!" आणि त्याच्यापाठोपाठ अख्खं प्रार्थनाघर. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मी येडा, मनात म्हटलं, आज लोकांना चांगलीच भक्ती चढली आहे.

चूक झाली, दुसरं काही नाही. इथे आलेल्या कॅप्टनला भेटून तसं सांगून येतो. भाऊजींच्या खात्यात कोणी विचारलंच तर त्यांनाही हेच सांगू दे.

तुझा
भोंगा


१५ मे

भोंग्या,

तुझं पत्र पोचलं. पाकिटाचा डिंक ओला होता, म्हणजे माझ्याआधी कोणाचं तरी वाचून झालं होतं. तेव्हा तू जे लिहिलंस ते तसंच लिहायला हवं होतं. फार छान लिहिलंस. भाजी करपली असेल! वाचता वाचता मला हसू फुटलं. समजायचं ते मी समजले.

देवाशी माझं जमत नाही हे तुला माहीत आहे. परके आले ते त्यांचा देव घेऊन आले. तो त्यांनी आजोबांना दिला आणि आजोबांची टेकडीखालची जमीन घेतली, आणि आजोबा मरेपर्यंत सांगत राहिले की सौदा आपल्या बाजूने झाला. मग परके गेले. देव मागे राहिला, आणि थोरल्यांनी त्याला लगेच कामाला जुंपलं. राजाची तसबीर ज्या खिळ्यावर होती त्याच खिळ्यावर थोरल्यांची लागली. कोणाला नवा खिळा ठोकावासा वाटला नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं की ज्या देवाला माणूस बदललेला कळत नाही, त्याच्यापुढे आपण काही मागायचं नाही.

आणि मी तरी काय मोठी लागून गेले? इतिहास शिकवते म्हणजे जे सरकार येईल त्याचं पुस्तक शिकवते. सेनापतींची पुस्तकं अजून छापून यायची आहेत. तोवर थोरल्यांच्या धड्यावर कोरा कागद चिकटवा म्हणून सांगितलंय. परवा माझ्या वर्गातल्या मुली बोटं डिंकाने माखून बसल्या होत्या. एकीने विचारलं, "बाई, खालचं वाचलेलं विसरायचं का?" मी म्हटलं, नीट चिकटव, सुरकुत्या नकोत.

आणि त्याच दिवशी तुझं पत्र! ज्याला मी नाक पुसायला शिकवलं तो माझा धाकटा भाऊ सगळ्या गावासमोर ताठ उभा राहतो आणि ज्याचं नाव घ्यायला बंदी त्याचं नाव घेतो. मी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, न सांगून राहवलंच नाही. दोघीजणी रडल्या. आता इथे नदीकाठच्या उपदेशकाची गोष्ट ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. कोणी म्हणतं, तुझ्या छातीवर बंदूक रोखली होती. मी काही दुरुस्त करायला गेले नाही.

तुझे भाऊजी जेवताना अवाक्षर काढत नाहीत. माहिती खात्यातल्या माणसाला घरी आल्यावर कसलीच माहिती नको असते. त्यांचं सोड. परक्या राजाचं नाव घ्यायला ज्यांनी नकार दिला त्या बाबांचा मुलगा शोभलास.

तुझी
ताई


२९ मे

ताई,

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. लाकडाच्या ट्रकवाल्याच्या हाती देतोय, तो थेट तुझ्या दारात येईल. मधे कोणी उघडणार नाही. तेव्हा डोळे मिचकावणं बंद कर आणि नीट वाच.

मला माहीत नव्हतं. हुकूम निघाला हे मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तर मी सेनापतींचं नाव घेतलं असतं. कुरकुरत घेतलं असतं, पण घेतलं असतं. थोरल्यांचं तरी मी प्रेमाने घेत होतो का? त्यांच्या माणसांनी आपल्या मामाला कोठडीत सडवून मारला, आणि त्यानंतरच्या मोठ्या प्रार्थनेत मी त्यांच्याच दीर्घायुष्यासाठी गळा काढला. तू त्या वर्षीही त्यांचा धडा शिकवलास. आपण दोघं एकाच माळेचे मणी आहोत, तेव्हा मला हुतात्मा करू नकोस.

कॅप्टनकडे गेलो होतो. वयाने लहान आहे, वागायला नम्र. बसा म्हणाला, चहा मागवला. मी सगळं सांगितलं, मौन, मागची खोली, मागचं दार. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि हसला.

"पकडले गेल्यावर सगळे असंच म्हणतात, गुरुजी. तुमच्याकडून जरा बरी सबब येईल असं वाटलं होतं."

"सबब नाही, खरंच माहीत नव्हतं."

त्याने टेबलाच्या खणातून एक पत्रक काढलं. राजधानीत भिंतींवर लागलेलं. वर ठळक अक्षरांत "नदीकाठचा उपदेशक", आणि त्यात माझ्या छातीवर बंदूक. "हे लिहिणाऱ्याला तरी माहीत आहे की तुम्ही काय केलंत," तो म्हणाला. ताई, ती बंदूक कुठून आली ते तुला ठाऊक आहे.

त्याच दुपारी त्यांनी सायकलवाल्याला दुकानातून नेलं. चाकाची तार ताणत होता, हातात पाना होता तसाच नेला. मागच्या बाकावरच्या आणखी काहीजणांनाही उचललं. मला हात लावत नाहीत. मला नेलं तर पत्रकं वाढतील, एवढी अक्कल त्याला आहे. त्याची अट साधी आहे. ऑगस्टातल्या मोठ्या प्रार्थनेत मी सेनापतींचं नाव घ्यायचं, पूर्ण चालीत, तो स्वतः समोर बसणार. नाव घेतलं की माणसं घरी. नाही घेतलं तर त्यांना कुठे पाठवतील ते त्यालाही सांगता येणार नाही, म्हणाला.

मी गावालाही खरं सांगून बघितलं. परवा प्रार्थना झाल्यावर सगळ्यांसमोर म्हटलं, बाबांनो, मला हुकूम माहीत नव्हता, मी काही शूरबिर नाही. सगळे समजूतदारपणे मान हलवत होते. म्हातारा शिंपी दारात माझा हात दाबून म्हणाला, "बरोबर आहे. बाहेर शिपाई उभे आहेत, असंच बोलायला हवं." ताई, मला रडावं की हसावं कळेना. काय करू ते सांग.

भोंगा


८ जून

भोंग्या,

ट्रकवाल्याला जेवू घालून परत पाठवतेय. तो थांबलाय तोवर लिहिते.

बरं, मानलं. चूक होती. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? बंदुकीचं माझ्या डोक्यावर आहे, तेही मानलं. माणसं धरतील अशी मला कल्पना नव्हती.

पण आता माझं ऐक. चूक तुझी होती. त्यांची नव्हती. दारावरचा हुकूम त्या सगळ्यांनी वाचला होता. तुझ्या तोंडून ते नाव ऐकलं तेव्हा मान खाली घालून गप्प बसायची मुभा प्रत्येकाला होती. एकही गप्प बसला नाही. सायकलवाला तुझ्यासारखा अजाणता ओरडला नाही. पुढे काय होईल ते माहीत असून ओरडला. आपल्या अख्ख्या इतिहासात, आणि मी तो किती वेळा पुसून लिहिलाय ते तुला माहीत आहे, लोकांनी स्वतःहून मोठ्याने म्हटलेली ती पहिली गोष्ट आहे. परक्यांनी सांगितलं तेव्हा आपण गुडघे टेकले, थोरल्यांनी सांगितलं तेव्हा टाळ्या वाजवल्या. हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. ते आता तू त्यांच्या वतीने परत घेणार? तुला तो अधिकार कोणी दिला?

नाव घेऊ नकोस. अशी माणसं धमक्या देतात, पण जगाचे डोळे लागले की सोडून देतात. इथे लोक तुझ्याबद्दल बोलतायत, आता कॅप्टनला ती माणसं धरून ठेवता येणार नाहीत. बाबांनी परक्यांची भीती बाळगली नाही. त्यांचं तेवढं तरी राख.

भाऊजी बरे आहेत. कामात आहेत.

ताई


१ जुलै

ताई,

हेही ट्रकवाल्याच्याच हाती देतोय. तुझ्या पत्रातली भाषा फार सुरेख आहे. मोठ्याने वाचून बघितली. पण ती इथे राहणाऱ्या माणसाची नाही.

आधी बाबांचं. तू तेव्हा राजधानीत कॉलेजात होतीस. मी इथे होतो, त्यांच्या शेजारी उभा राहून ओळ म्हणत होतो. बाबांनी परक्या राजाचं नाव घ्यायला कधी नकार दिला नाही. परके जाण्याआधीच्या शेवटच्या मोठ्या प्रार्थनेपर्यंत घेतलं. राजा आजारी पडल्याची बातमी आली तेव्हा घरी एकटेच गुडघ्यावर बसून त्याच्यासाठी रडले, मी दाराच्या फटीतून बघितलं. मला राग आला होता. मी विचारलं, ज्याने आपली जमीन नेली त्याच्यासाठी? तर म्हणाले, "प्रार्थना राजासाठी करायची असते, राजाची नाही. चांगल्या राजाला तिची गरजच काय?" नकाराची गोष्ट नंतर थोरल्यांच्या माणसांनी लिहून आणली. त्यांना प्रत्येक गावात एक वीर हवा होता. बाबांनी ती वाचली आणि घडी घालून ठेवून दिली. त्या वर्षी प्रार्थनाघराला नवं छप्पर मिळालं. तू ज्या बाबांसाठी मला ताठ उभं राहायला सांगतेस ते तुझ्या पाठ्यपुस्तकातले आहेत.

दुसरं. सायकलवाल्याची बायको आली होती. दुकान आता तीच चालवते, हात कोपरापर्यंत काळे. बस म्हटलं तर बसली नाही.

"तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं ना?" तिने विचारलं.

"नव्हतं."

"मला वाटलंच. मी तुमचं तोंड बघत होते तेव्हा. सूर चुकल्यासारखं झालं होतं."

ताई, अख्ख्या गावात, सख्ख्या बहिणीसकट, या एका बाईने माझ्यावर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवला. मला इतकं बरं वाटलं की मी तिचे आभार मानायला गेलो. तिने मला मधेच तोडलं.

"मग घ्या ना आता नाव. तो ओरडला, का तर तुम्ही पुढे आहात असं त्याला वाटलं. तुम्ही पुढे नव्हतातच."

"लोक माझ्याकडे डोळे लावून बसलेत," मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. तुझंच असावं.

"बसू देत की! रात्री पोरगी दचकून उठते तेव्हा त्यातलं कोणी सोबतीला येतं का? चूक असेल तर सुधारा. आणि धाडसच करायचं असेल तर स्वतःच्या घरातल्या माणसाच्या जिवावर करा." एवढं बोलून ती गेली. दाराच्या कडीला तिच्या हाताचं वंगण लागलंय, ते मी पुसलेलं नाही.

आता तिसरं, आणि याचं उत्तर मला सरळ हवंय. कॅप्टनने काल नव्या ओळीचा मजकूर आणून दिला, माहिती खात्याकडून आलेला. सेनापतींच्या पदव्या हातभर लांब. मला वाटलं, हे काही चालीत बसायचं नाही. थोरल्यांचं नाव पहिल्यांदा घेतलं तेव्हा ते इतकं आखूड पडलं होतं की बाबांना शेवटचा सूर ओढत न्यावा लागला आणि पोरं खिदळली, तू सुट्टीला आली होतीस, आठवतं? म्हणून सहज गुणगुणून बघितलं. तंतोतंत बसतंय. श्वास घ्यायची जागासुद्धा बरोबर आहे. प्रत्येक प्रार्थनाघराची चाल वेगळी असते, आणि ही बाबांनी बांधलेली, फक्त आपली. माहिती खात्यात ती येणारा माणूस एकच आहे. लग्नाआधी तुझं दर्शन व्हावं म्हणून तो वर्षभर शेवटच्या बाकावर बसून ती ऐकत होता.

भाऊजींनी लिहिली ना?

भोंगा


१४ जुलै

भोंग्या,

हो.

पत्रकं लागल्यावर त्यांना वर बोलावलं. उपदेशक तुमचा मेहुणा ना, मग तुम्हीच लिहा, त्याला म्हणता येईल असं लिहा, नाहीतर दोघांचा एकदमच विचार करू, असं सांगितलं. हे मी तुला कळवलं नाही. "कामात आहेत" असं लिहिलं होतं, ते काम हे.

आता सगळं सांगते, म्हणजे मला पुन्हा कधी तुझ्यापुढे शहाणपणा करता येणार नाही. मी आतल्या खोलीत बसून तुला ते पत्र लिहीत होते, तुझ्या शब्दांत सुरेख पत्र. लोकांनी स्वतःहून म्हटलेली पहिली गोष्ट वगैरे. आणि हे बाहेर जेवायच्या टेबलावर बोटांनी ठेका धरून ओळ जुळवत होते. सगळं जमत आलं होतं, फक्त एका जागी शब्द कमी पडत होता. ते पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे आणि पुन्हा तिथेच अडायचे. पुन्हा, पुन्हा. माझं डोकं उठलं. मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि टेबलाजवळून जाता जाता म्हटलं, "तिथे 'कृपाळू' घाला."

त्यांनी घातलं. बसलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मी पाणी प्यायले, आत गेले आणि तुला लिहिलं की नाव घेऊ नकोस.

मुलीच्या वहीत चूक दिसली की हात आपोआप पेनाकडे जातो, तसं झालं असं मी स्वतःला सांगून बघितलं. पटलं नाही. मला हवं होतं की भाऊजी सुटावेत आणि तू शूर ठरावास. दोन्ही फुकटात हवं होतं. ज्याने तुमच्या मागच्या बाकावरची माणसं नेली त्याला कृपाळू मी केलं.

बाबांबद्दल तू लिहिलंस ते वाचून मी तुझा फार राग केला. मग वाटलं, देशभरातल्या अशा किती बाबांच्या बनावट गोष्टी मी शिकवल्या असतील.

आणखी एक आहे, ते सांगायला सगळ्यात जड जातंय. तुझं पहिलं पत्र आणि ट्रकवाल्याने आणलेलं पत्र यांच्या मधल्या दिवसांत, तू ते मुद्दाम केलंस असं मला वाटत होतं तेव्हा, मी शाळा सुटल्यावर इथल्या प्रार्थनाघरात जाऊन बसत होते. भाऊजींनाही पत्ता नव्हता. मागितलं काहीच नाही, नुसती बसायचे. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा वाटलं की तिथे कोणी असू शकतं. आता जात नाही.

नाव घे म्हणत नाही, घेऊ नको म्हणत नाही. माझ्या म्हणण्याला आता किंमत नाही. माणसं घरी आली की कळव.

ताई


६ ऑगस्ट

ताई,

नाव घेतलं. माणसं घरी आली.

या खेपेलाही मौन धरून बसलो होतो. बायको ताट ठेवून लगेच गेली, घुटमळली नाही. मागच्या दाराने आत आलो तर कॅप्टन पहिल्या बाकावर, टोपी मांडीवर. धरलेल्या माणसांना त्याने शिपायांसकट आणून मागच्या बाकावर बसवलं होतं, त्यांच्या नेहमीच्या जागी. सायकलवाल्याला मी ओळखलंच नाही. त्याची बायको एकाच माणसाकडे टक लावून बघत होती, त्यावरून कळलं की तो असणार. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता.

राजाची ओळ आली. मी म्हटली, पूर्ण चालीत. कुठेही अडलं नाही. तुझा शब्द चांगला आहे.

मग उत्तराची जागा आली आणि कोणीच बोललं नाही. सगळे समोरच्या भिंतीकडे बघत होते. कॅप्टनने हळूच मान वळवून मागे बघितलं. मला वाटलं, आता पुन्हा ट्रकमध्ये घालतील त्यांना. मी मनात ओरडत होतो की म्हणा रे, कोणीतरी म्हणा. तेवढ्यात सायकलवाला बाकाला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "तसंच घडो."

घोगरं, तुटकं. समोरचे दात नव्हते, त्यामुळे शब्दही नीट उमटला नाही. तो एकटा उभा होता. मग त्याची बायको म्हणाली, मग शिंपी म्हणाला, मग सगळे. मे महिन्यात होता तेवढाच मोठा आवाज झाला. मी कान देऊन ऐकत होतो, ताई, आणि मला दोन आवाजांत फरक सांगता येईना. सेनापतींसाठी त्यातलं कोणी बोललं नाही, आणि माझ्यासाठी तर नाहीच नाही. त्या एका माणसाला एकटं पडू द्यायचं नव्हतं, एवढंच. पण फरक मला ऐकू आला नाही तर वर कोणाला आला असेल, याचा विचार मी तेव्हापासून करतोय. तू म्हणायचीस की देवाला माणूस बदललेला कळत नाही. मी तुझ्याशी वाद घालायचो.

"बघा, किती सोपं होतं," कॅप्टन म्हणाला. मग टोपी घातली आणि सांगितलं की यापुढे ही ओळ मोठ्या प्रार्थनेपुरती ठेवू नका, दर आठवड्याला म्हणा, चाल फार गोड आहे.

नंतर मी दारात उभा राहिलो, उपदेशकाने राहायचं तसं. माणसं एकेक करून बाहेर पडत होती. माझा हात पुढेच होता. कोणी तो घेतला नाही, शिंप्यानेही नाही. वाईट वाटलं, पण ते मी धरूनच चाललो होतो.

सगळ्यात शेवटी सायकलवाला आला, बायकोच्या आधाराने. माझ्यासमोर थांबला. डोळे सुजलेले, पण नजर सरळ माझ्यावर.

"गुरुजी, आत ते मला रोज सांगायचे की तुमच्या उपदेशकाला काही माहीतच नव्हतं, तो चुकून बोलला, तू उगाच मार खातोयस. मी म्हटलं, खोटं आहे." तो दम खायला थांबला. "तुम्ही तेव्हा मुद्दामच घेतलं होतंत ना?"

त्याची बायको माझ्याकडे बघत होती. तिला खरं माहीत होतं. मी मे महिन्यापासून गावाला, कॅप्टनला, तुला, सगळ्यांना हेच पटवत होतो की मला माहीत नव्हतं. आता ज्याने त्यापायी मार खाल्ला तो स्वतः विचारत समोर उभा होता.

मी म्हटलं, "हो."

त्याचा चेहरा क्षणभर निवळला. मग त्याने विचारलं, "मग आज का घेतलंत?"

उत्तर त्याच्या बायकोला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. तो उत्तराची वाट बघत थांबला, माझ्या पायांजवळ थुंकला, आणि बायकोच्या खांद्यावर हात टाकून पायऱ्या उतरायला लागला.

तुझा भाऊ